पट्टीवर महिदपूर, काठावर कोण?

महिदपूर उज्जैन जिल्ह्यात, क्षिप्रेच्या काठी. इंदूरहून एका दिवसात जाऊन येता येतं. २१ डिसेंबर १८१७ रोजी इथे होळकरांची फौज आणि सर थॉमस हिस्लॉपच्या हाताखालची कंपनीची फौज यांची लढाई झाली. आदल्याच दिवशी होळकरांच्या छावणीत तुळसाबाईचा खून पडला होता. गादीवर दुसरे मल्हारराव होते, वय जेमतेम अकरा. तोफखान्याने जिद्दीने मारा केला, कंपनीकडचे मेले-जखमी मिळून पावणेआठशेच्या आसपास गेले, तरी लढाई हातची गेली. पंधरवड्यात, ६ जानेवारी १८१८ ला, मंदसौरचा तह झाला. त्या तहातून इंदूरला राजधानी आली, रेसिडेन्सी आली आणि शेजारी महूची छावणी उभी राहिली. आपलं आजचं शहर ज्या घटनेतून घडलं ती ही.

या लढाईचे एक पदक आहे. ते निघाले लढाईनंतर चौतीस वर्षांनी, १८५१ मध्ये. पदक-संग्राहक त्याला 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' म्हणतात. लेख त्या पदकाबद्दल आहे, पण त्याहून जास्त ते वाचण्याच्या आपल्या सवयीबद्दल आहे. कारण पदकं जमवणारी माणसं (मंडळातही आहेत, आणि चांगली आहेत) पदकाकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर आपण इंग्रजी कॅटलॉगमधून जशीच्या तशी उचलली आहे. इंदुरात बसून ती नजर चालवली की काय काय दिसेनासं होतं, हे सांगायचं आहे.

आधी वस्तू. चांदीचे गोल पदक, जुन्या रुपयापेक्षा थोडे मोठे, फिकट निळ्या फितीवर. एका बाजूला विल्यम वायनने कोरलेला व्हिक्टोरियाचा मुखवटा. दुसऱ्या बाजूला ताडाच्या झाडाशेजारी बसलेली विजयदेवता, हातात पुष्पचक्र, आणि 'टू द आर्मी ऑफ इंडिया' अशी अक्षरे. फितीवर आडव्या पट्ट्या असतात, त्यांना संग्राहक क्लॅस्प म्हणतात. एक लढाई, एक पट्टी. नुसते पदक, पट्टीशिवाय, कोणाला मिळाले नाही. एकूण पट्ट्या एकवीस. त्यांतल्या असई, आडगाव, गाविलगड, अशीरगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव ही नावे वाचली की मराठी माणसाला शाळेतला नकाशा आठवतो. नेपाळ, ब्रह्मदेश आणि १८२६ चे भरतपूर सोडले तर हे पदक जवळजवळ सगळे मराठ्यांशी झालेल्या लढायांचेच आहे. आणि एकवीसपैकी चार पट्ट्या होळकरांविरुद्धच्या: 'डिफेन्स ऑफ डेल्ही', 'बॅटल ऑफ डीग', 'कॅप्चर ऑफ डीग' आणि 'महिदपूर'. पहिल्या तीन १८०४ च्या, यशवंतरावांच्या. चौथी त्यांच्या मुलाच्या काळातली.

आता या चार पट्ट्या ओळीने लावा आणि त्यांच्यावरून होळकरांचा इतिहास सांगायचा प्रयत्न करा. काय होतो? ऑक्टोबर १८०४ मध्ये होळकरांनी दिल्लीला वेढा घातला, ऑक्टरलोनी आणि बर्न यांनी शहर राखले. १३ नोव्हेंबरला डीगपाशी लढाई झाली, होळकर हरले. डिसेंबरअखेर डीगचा किल्लाही पडला. मग तेरा वर्षं काहीच नाही. मग महिदपूर. म्हणजे यशवंतराव होळकर हा हरतच गेलेला सरदार ठरतो.

पण १८०४ चं साल असं नव्हतंच! दिल्लीचा वेढा पडला तो कशामुळे? त्याच्या आधीच्या दोन महिन्यांत कर्नल मॉन्सनची पाच पलटणींची फौज यशवंतरावांनी मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून थेट आग्र्यापर्यंत पिटाळली होती. भर पावसात, चिखलात तोफा टाकत, नद्या ओलांडताना माणसं गमावत मॉन्सन ऑगस्टअखेरीस आग्र्याला पोचला तेव्हा त्याच्या फौजेला फौज म्हणणं कठीण होतं. उत्तर हिंदुस्थानात कंपनीची अब्रू गेली. आणि डीग पडल्यानंतर? जानेवारी-फेब्रुवारी १८०५ मध्ये लॉर्ड लेक भरतपूरच्या मातीच्या तटावर चार वेळा चालून गेला आणि चारही वेळा परतला. मेले-जखमी मिळून तीन हजारांवर. आत रणजितसिंह जाट, बाहेर होळकरांचे घोडदळ.

या दोन्ही घटनांची पट्टी नाही. पदकावर 'भरतपूर' आहे, पण ते १८२६ चे, तट अखेर सुरुंगाने उडवला तेव्हाचे. ज्याला हे माहीत नाही तो फितीवर भरतपूर वाचून समजणार की होळकर-लेकच्या भरतपूरचीच ही आठवण. मीच नव्हे, बरेच जाणकार संग्राहकही हे सांगताना साल आवर्जून सांगतात ते यासाठीच.

कोणी म्हणेल, यात नवल काय? हरल्याबद्दल पदक कोण देतं? बरोबर आहे. १८५१ च्या कंपनी सरकारला मी दोष देत नाही, त्यांनी त्यांचं काम केलं. दोष आहे तो पट्ट्यांची यादी हीच लढायांची यादी असं धरून चालणाऱ्या वाचनाचा. मेजर एल. एल. गॉर्डन यांचं 'ब्रिटिश बॅटल्स अँड मेडल्स' हे या छंदाचं मूळ पुस्तक. १९४७ साली पहिल्यांदा निघालं, पुढे लंडनच्या स्पिंकने नव्या आवृत्त्या काढल्या. जगभरचे संग्राहक ते उशाशी ठेवतात. उपयोगीही आहे: कुठली पट्टी, कधीची, कुठल्या पलटणी हजर होत्या, हे पटकन सापडतं. पण त्याची रचनाच पट्टीनिहाय आहे. पट्टी असेल तर लढाईचा परिच्छेद, पट्टी नसेल तर लढाईही नाही. पदक ओळखण्यासाठी एवढं पुरे. पण हळूहळू असं होतं की माणूस इतिहासही याच पुस्तकातून शिकायला लागतो, आणि मग मुकुंदऱ्याची खिंड त्याच्या डोक्यात येतच नाही. कोट्याच्या वाटेवर दरा म्हणून जागा लागते, तिथून गाडी जाते, कोणी मान वळवत नाही.

पदकाची एक गंमत सांगतो. मागच्या बाजूला, खाली, सालं कोरली आहेत: १७९९–१८२६. पण पदकातली पहिली लढाई १८०३ ची आहे! १७९९ म्हणजे श्रीरंगपट्टण, टिपूचा शेवट, त्याचं पदक कंपनीने आधीच वेगळं दिलं होतं. म्हणजे साचा करणाऱ्यांनाही आपण नेमकं कुठून कुठपर्यंतचं पदक देतोय याचा हिशेब नीट लागला नव्हता. संग्राहक या सालांकडे बघतात ते मधल्या छोट्या रेघेसाठी. सुरुवातीच्या साच्यात ही रेघ आखूड होती, तो साचा लवकर मोडला, पुढच्यात लांब झाली, म्हणून आखूड रेघेचं पदक दुर्मीळ. त्या रेघेवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. १७९९ का, याबद्दल एक ओळ.

आता मुख्य मुद्दा. हे पदक मिळालं कोणाला?

१८५१ मध्ये अर्ज मागवण्यात आले. जो जिवंत आहे आणि जो अर्ज करील त्याला पदक. १८०४ ला विशीत असलेला शिपाई १८५१ ला सदुसष्ट वर्षांचा. तो अवधमधल्या किंवा तेलंगणातल्या आपल्या गावी. वर्तमानपत्र त्याच्यापर्यंत येत नाही, इंग्रजी अर्ज त्याला लिहिता येत नाही. मेला असेल तर त्याच्या घरच्यांना काही नाही. म्हणून कंपनीच्या फौजेत बहुसंख्य देशी शिपाई असूनही हे पदक प्रामुख्याने युरोपियनांकडे गेलं. 'डिफेन्स ऑफ डेल्ही'ची पट्टी मिळालेले युरोपियन बोटांवर मोजता येतील इतके. आणि नेमक्या याच कारणाने ती पट्टी लिलावात फार वरच्या भावाची.

हा भाव कशाचा आहे, ते जरा थांबून बघा. दिल्ली राखली ती मुख्यतः देशी पलटणींनी. शहर मोठं, तट जुना पडका, माणसं थोडी. ज्यांनी राखली त्यांच्यातले बहुतेक सगळे १८५१ पर्यंत मेले किंवा त्यांना कोणी विचारलं नाही. म्हणून पट्ट्या कमी निघाल्या. म्हणून त्या दुर्मीळ. म्हणजे ज्या विसराळूपणामुळे शिपायाला पदक मिळालं नाही त्याच विसराळूपणाची किंमत आज संग्राहक मोजतो. कॅटलॉगमध्ये 'अतिदुर्मीळ' हा एकच शब्द छापलेला असतो. तो शब्द वाचताना निदान आपल्याला तरी 'कोणाला दिलं नाही?' हे ऐकू यायला हवं.

याची तुलना करायला चांगलं उदाहरण आहे, कोरेगावचं. १ जानेवारी १८१८ ची ही लढाई पट्टीवर 'कोरीगॉम' अशा चमत्कारिक स्पेलिंगने येते. ही पट्टीही अशीच दुर्मीळ, कारणही तेच. पण कोरेगावला कंपनीने १८२१ मध्येच, म्हणजे पदकाच्या तीस वर्षं आधी, जयस्तंभाची पायाभरणी केली होती. स्तंभावर मजकूर इंग्रजीत आणि मराठीत, आणि पडलेल्यांच्या यादीत शिपायांची नावं आहेत, त्यांत '-नाक' प्रत्ययाची अनेक महार नावं. दगडावर नाव आलं कारण ते लढाईनंतर लगेच, पलटणीच्या कागदावरून कोरलं गेलं. चांदीवर आलं नाही कारण त्यासाठी माणसाने तेहतीस वर्षं जगून अर्ज करायला हवा होता. त्या स्तंभाचं महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात पुढे काय स्थान झालं ते सगळ्यांना माहीत आहे. महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी जन्मलेल्या मुलाने १९२७ मध्ये त्या स्तंभाला भेट दिली. चांदीच्या पदकाला असं काही भाग्य आलं नाही. ते पेटीतच राहिलं.

मराठ्यांशी संबंधित आणखी दोन पदकं इथे नुसती नोंदवून ठेवतो. एक, 'डेक्कन मेडल'. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातल्या, म्हणजे महादजींच्या काळातल्या मोहिमेबद्दल कंपनीने आपल्या देशी शिपायांना दिलेलं. कंपनीने मोहिमेसाठी काढलेल्या पदकांत हे अगदी पहिलं, मागे फारसी मजकूर. म्हणजे इंग्रजांच्या हिंदुस्थानी मोहीम-पदकांची सुरुवातच मराठ्यांपासून झाली. दुसरं, 'ग्वाल्हेर स्टार'. २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पन्नियार अशा दोन लढाया शिंद्यांच्या फौजेशी झाल्या. जिंकलेल्या तोफा वितळवून त्यांच्याच पितळी-कांशाचे सहा टोकांचे तारे केले, मधोमध चांदीचा छोटा तारा. ग्वाल्हेरच्या तोफेचा तुकडा साहेबाच्या छातीवर! या पदकाइतकं सरळ बोलणारं पदक मी पाहिलेलं नाही. त्यात विजयदेवता वगैरे काही भानगड नाही.

आता इंदूरच्या घरात येऊ.

१ जुलै १८५७. सकाळी रेसिडेन्सीवर हल्ला झाला. होळकरांच्या फौजेतल्या तोफा रेसिडेन्सीवर चालल्या, पुढाकार सआदत खानाचा. आत कर्नल ड्युरँड, आणि जेम्स ट्रॅव्हर्स, भोपाळ कंटिंजंटचा अधिकारी. ट्रॅव्हर्सने फक्त पाच स्वार बरोबर घेऊन तोफांवर धाव घेतली, गोलंदाज क्षणभर हटले, आत गोळा झालेल्या माणसांना तेवढा अवधी मिळाला. या धावेबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, १८६१ च्या मार्चमध्ये गॅझेटात आला. रेसिडेन्सी मात्र वाचली नाही. ड्युरँड सगळ्यांना घेऊन सिहोरच्या वाटेला लागला.

त्याच १८६१ साली 'ऑर्डर ऑफ द स्टार ऑफ इंडिया' हा सन्मान स्थापन झाला. हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांना राणीशी बांधून ठेवण्यासाठी, सत्तावनच्या धड्यानंतर. सुरुवातीच्या सन्मानितांत दुसरे तुकोजीराव होळकर आहेत, म्हणजे ज्यांच्या फौजेने रेसिडेन्सीवर तोफा डागल्या ते राजे. ड्युरँडला त्यांचा संशय शेवटपर्यंत होता, तुकोजीरावांनी तो शेवटपर्यंत नाकारला. आणि सआदत खान? तो सतरा वर्षं निसटत राहिला, १८७४ मध्ये पकडला जाऊन इंदुरात फाशी गेला.

एका सकाळचे तीन निकाल. एकाला क्रॉस, एकाला तारा, एकाला दोर. व्हिक्टोरिया क्रॉसवरच्या पुस्तकांत इंदूर येतं ते ट्रॅव्हर्सच्या चार ओळींत. स्टार ऑफ इंडियाच्या यादीत इंदूर येतं ते तुकोजीरावांच्या नावापुढे. सआदत खान पदकांच्या कुठल्याच पुस्तकात येण्याचं कारण नाही. पण या शहरात राहून ट्रॅव्हर्सचा क्रॉस समजून घ्यायचा तर तोफेच्या मागे कोण उभं होतं हे सांगावंच लागेल. नाहीतर पाच माणसांनी कोणावर धाव घेतली हेच कळत नाही.

या ऑर्डरविषयी एक गोष्ट नव्याने छंदात आलेल्यांना माहीत नसते. पदक माणसाच्या मालकीचं होतं, ऑर्डरची मानचिन्हं तशी नव्हती. स्टार ऑफ इंडियाचा कंठा आणि बिल्ला मानकरी वारला की परत पाठवावा लागे. व्हिक्टोरियाचा गोमेदावर कोरलेला मुखवटा, भोवती हिऱ्यांत बसवलेलं बोधवाक्य, एवढं मोलाचं काम फुकट सोडणार कोण! म्हणून राजघराण्यांच्या तसबिरींत ही मानचिन्हं सर्रास दिसतात, वाड्यांत क्वचित सापडतात. कोणी 'होळकरांच्या घरातला अस्सल स्टार' म्हणून काही दाखवला तर आधी हा नियम आठवावा आणि मग खिशात हात घालावा.

गॉर्डनच्या पुस्तकाची मर्यादा भरून काढणारी दोन पुस्तकं आपल्या कामाची. टोनी मॅक्लेनागन यांचं 'इंडियन प्रिन्सली मेडल्स' (१९९६) आणि एडवर्ड हेन्स व राणा छिना यांचं 'मेडल्स अँड डेकोरेशन्स ऑफ इंडिपेंडंट इंडिया' (२००८). पहिल्याचा विषय संस्थानांनी स्वतः काढलेली पदकं. या विषयाकडे आधी कोणी धड लक्षच दिलं नव्हतं, कारण लंडनच्या बाजारात संस्थानी पदक म्हणजे किरकोळ माल. मॅक्लेनागन यांनी संस्थान हा एकक धरला, पट्टी नव्हे, आणि तेवढ्या एका बदलाने चित्र पालटलं: राज्याभिषेक, रौप्यमहोत्सव, पोलीस, महायुद्धातली चाकरी, राजा स्वतः काय साजरं करत होता ते दिसायला लागलं. दुसरं पुस्तक १९४७ नंतरचं, आणि माझ्या मते दोन्हींत जास्त महत्त्वाचं. कारण ते आज घरोघरी असलेल्या पदकांबद्दल आहे. होळकरांचं पायदळ संस्थान विलीन झाल्यावर कुमाऊँ रेजिमेंटची पंधरावी बटालियन झालं. नावात अजून कंसात 'इंदूर' आहे. महिदपूरचा वारस शोधायचा तर तोही भारतीय सेनेतच शोधायचा.

स्वतंत्र भारताच्या पदकांचा आरंभ मराठी घरातून झाला, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. विक्रम खानोलकर या सेनाधिकाऱ्याच्या पत्नी सावित्रीबाई, जन्माने युरोपियन, मराठी-संस्कृत शिकलेल्या, पुराणांत बुडालेल्या. परमवीर चक्र त्यांनी रेखाटलं. कांशाच्या चकतीवर मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं. वज्र कसलं? दधीचीने स्वतःची हाडं दिली त्याचं. विजयदेवता बसून पुष्पचक्र वाटते आहे, या १८५१ च्या चित्राशेजारी हे ठेवून बघा. एकात जिंकणारा आहे, दुसऱ्यात देणारा. पदकाच्या रेखाटनाला आपण 'सुंदर', 'साधं' एवढीच विशेषणं लावतो. त्यातला विचार कधी बोलून दाखवत नाही.

आणि आता आपल्याच पायाशी बघू. कारण साहेबाच्या कॅटलॉगला नावं ठेवणं सोपं असतं.

पहिल्या महायुद्धात 'ब्रिटिश वॉर मेडल' दोन धातूंत निघालं. लढणाऱ्यांना चांदीचं, आणि लष्कराबरोबर गेलेल्या मजूर, पाणके, सफाईवाले वगैरे माणसांना कांशाचं. चांदीच्या पदकात पावणेतीन तोळ्यांच्या आसपास माल. १९८० च्या सुमारास चांदीचा भाव भडकला तेव्हा ही पदकं जगभर मुशीत गेली, आणि सराफ्यात गेली नसतील असं मानायला जागा नाही. संग्राहक यावर हळहळतात, योग्यच आहे. पण कांशाचं पदक मुशीत गेलं नाही, ते अजून आहे, आणि त्याकडे बघायला आपल्यातला कोणी तयार नसतो! 'ते फॉलोअरचं आहे', संपलं. अहो, महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या चावडीवर संगमरवराची पाटी आहे: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मेले. आकडा आहे, नावं नाहीत. ती नावं जर कुठे असतील तर अशा पदकाच्या काठावर.

तेच १९७१ च्या पदकांचं. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, आणि १९७२ चं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक. लाखोंनी निघाली, चांदीची नाहीत, म्हणून भंगारवाल्याकडे किलोच्या भावात निघतात आणि संग्राहक 'कॉमन आहेत' म्हणून उचलत नाहीत. १८५१ मध्ये शिपाई पुष्कळ होते म्हणूनच त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आपण निराळं काय करतोय? पन्नास वर्षांनी 'संग्राम मेडल, नावासकट, अतिदुर्मीळ' असं कोणी छापील. तेव्हा ते मिळवायला आपण नसू.

पदकाचा काठ, म्हणजे नाण्याला जशी जाडी असते ती कड, हीच त्यातली सगळ्यात कमी देखणी आणि सगळ्यात बोलकी जागा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर तिथे क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण असं सगळं सापडतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना पदकं कोरी दिली गेली, हिंदी सैनिकांची मात्र नाव घालून. इथे एकदा तरी पारडं आपल्या बाजूला झुकलं. पण काठच सगळ्यात आधी जातो. बायका गळ्यातल्या पेटीसारखं घालायच्या तेव्हा तो झिजला. डाग देऊन टाकी लावताना नावावर कथील आलं. आणि दुर्मीळ पट्टीच्या मोहाने खोटं करणारे जुनं नाव कानशीने घासून नवं घालतात. घासलेल्या पदकाचा व्यास किंचित कमी भरतो, म्हणून जुने संग्राहक खिशात व्हर्नियर ठेवतात. 'महिदपूर', 'कोरेगाव', 'दिल्ली' या पट्ट्यांबाबत तर तो लावल्याशिवाय बोलूच नये.

दुसरा तोटा आपण स्वतः करतो. एका माणसाची चार पदकं एका पट्टीवर शिवलेली असतात. विक्रेता महागडं काढून विकतो, उरलेली वेगळी. चार पदकं मिळून एका माणसाची कहाणी होती, ती गेली. संग्रहात भर पडली आणि पुरावा कमी झाला, असं हे विचित्र गणित आहे.

पंजाबने काय केलं बघा. पहिल्या महायुद्धात गावोगावचे कोण गेले याच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. त्या स्कॅन करून २०२१ पासून ऑनलाइन टाकायला सुरुवात झाली, तीन लाखांहून जास्त माणसं. आता कॅनडातला नातू गावाचं नाव टाकून पणजोबा शोधतो. मराठी माणसांच्या बाबतीत आपल्याकडे हाताशी आहे ते हे: लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या पदक-याद्या, पडलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी, आणि घरातली पदकं. पहिल्या दोन्हींत शोधायला क्रमांक आणि पलटण लागते, नुसत्या 'शिंदे' किंवा 'जाधव'ने काही होत नाही. क्रमांक आणि पलटण काठावरच असतात.

कायद्याचंही एक लक्षात असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरची ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं ही रेघ ओलांडून गेली आहेत. परदेशी विक्रेत्याला पाकिटात घालून पाठवून देणं हा आता फक्त चवीचा प्रश्न राहिलेला नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी पदकं आहेत त्यांना एवढीच विनंती. ती आम्हाला देऊ नका, विकूही नका, आणि कृपा करून ब्रासोने घासू तर अजिबात नका. फोटो काढा. पुढचा-मागचा फोटो सगळेच काढतात, त्याने फारसं कळत नाही. काठाचा काढा. काठ गोल असल्याने एका फोटोत नाव मावत नाही, चार-पाच लागतात. सकाळच्या उन्हात, खिडकीशी, उजेड आडवा पडेल असं पदक उभं धरायचं आणि थोडं थोडं फिरवत जायचं. अक्षरं जशी आहेत तशी उतरवायची, स्पेलिंग चुकीचं वाटलं तरी सुधारायचं नाही. फीत एकत्र शिवलेली असेल तर उसवायची नाही. आणि ज्यांचं पदक आहे त्यांचं गाव कोणतं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून त्याच कागदावर लिहायचं, कारण ते काठावर कधीच नसतं.